कुत्रा चावला, आता काय करू? – सार्वजनिक आरोग्याच्या संकेतस्थळाची फेरमांडणी

निळी_शाई (धागाकर्ती)

गेलं वर्षभर मी एका सार्वजनिक आरोग्य संकेतस्थळाच्या फेरमांडणीवर काम करते आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण जे लिहिणार आहे ते अशा कुठल्याही संकेतस्थळाला लागू पडेल. या विषयात काम केलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून धागा काढला. माझं कुठे चुकत असेल तर मोकळेपणाने सांगा. काम अजून संपलेलं नाही, सुधारायला वाव आहे.

पहिल्याच आठवड्यात आम्ही सहा जणांना एकेक करून बोलावलं. हातात त्यांचा त्यांचा फोन. सांगितलं इतकंच: "तुमच्या मुलाला आत्ता कुत्रा चावलाय. या संकेतस्थळावरून काय करायचं ते शोधा." आणि गप्प बसलो. समोरचा माणूस चुकीच्या दुव्यावर बोट ठेवतोय, आपल्याला दिसतंय, आणि तरी तोंड मिटून बसायचं. या कामात याहून अवघड काही नाही.

एक बाई कशाबशा त्या पानापर्यंत पोचल्या. पानाची सुरुवात रेबीजच्या विषाणूच्या कुळापासून. मग त्याचा जगभरातला प्रसार, मग प्रतिबंध मोहिमेचे फोटो. जखम धुवा हे वाक्य सहाव्या परिच्छेदात. त्यांनी अंगठ्याने चारपाच वेळा पान वर सरकवलं, थांबल्या, आणि फोन खाली ठेवून म्हणाल्या, "मी आपली डॉक्टरांनाच फोन करते." तो निर्णय योग्यच होता. पण खरोखर तशी वेळ आली असती तर जखम तोवर तशीच राहिली असती. जखम साबण आणि भरपूर पाण्याने लगेच, निदान १५ मिनिटं धुवायची, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून त्या पहिल्या १५ मिनिटांचं मोल आहे. आमच्या पानावर हे सगळं होतं. तज्ज्ञांनी तपासलेलं होतं, एक अक्षर चुकीचं नव्हतं. आणि सहापैकी एकालाही ते वेळेत सापडलं नाही.

त्याच महिन्यात फेरमांडणीच्या समितीच्या तीन बैठका झाल्या. तिन्ही बैठकांत चर्चा पहिल्या पानाची. सरकतं चित्र ठेवायचं की नाही, कोणत्या विभागाचं बटण वर, मनोगत कुठे, बोधचिन्ह केवढं. मी भेटींच्या नोंदी काढून समितीपुढे ठेवल्या. बहुतेक लोक शोधयंत्रातून थेट आतल्या एखाद्या पानावर येतात, तेवढंच पान बघतात आणि जातात. पहिलं पान त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. ज्या पानावर लोक उत्तरासाठी उतरतात ते पान आधी नीट करा, पहिल्या पानाचं नंतर बघू, हे माझं म्हणणं. वर्षभर तेच भांडते आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. आमच्या संकेतस्थळावर आत एक शोधपेटी होती. लोकांनी तिच्यात काय टाइप केलं याची यादी साठत होती आणि ती कुणी कधी उघडलीच नव्हती. मी ती दोन दिवस बसून वाचली. या संपूर्ण कामात मला मिळालेला सगळ्यात मोलाचा कागद तोच. लोकांनी लिहिलं होतं "कुत्रा चावला", "कुत्र चावल इंजेक्शन", "कुत्र्याचं नख लागलं". आमच्या पानाचं शीर्षक होतं "अलर्क रोग : प्रतिबंध व नियंत्रण", अलर्क म्हणजे रेबीज. निकाल शून्य. "लघवीला जळजळ" शोधणाऱ्यालाही शून्य, कारण पानावर सगळीकडे "मूत्रमार्ग संसर्ग". ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या लेखनसूचना याबाबतीत वाचण्यासारख्या आहेत. तिथे वैद्यकीय शब्दांऐवजी घरात लहान मुलांशी बोलताना वापरतात तेच शब्द मुद्दाम घेतलेत, कारण लोक तेच शोधतात आणि त्यांना तेच कळतात. ९ ते ११ वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशी भाषा हे त्यांचं मोजमाप आहे.

मेनूचंही तसंच. आमचा मेनू म्हणजे संस्थेच्या विभागांचा तक्ता: कीटकजन्य आजार, प्राणिजन्य आजार, असंसर्गजन्य आजार. ज्याला कुत्रा चावलाय त्याने "प्राणिजन्य" वर का जावं? तो आजारी नाही, जखमी आहे. आम्ही विषयांच्या चिठ्ठ्या करून लोकांना त्यांच्या मनाने ढीग लावायला सांगितले. एकाही ढिगात आमचे विभाग उमटले नाहीत. लोकांचे ढीग होते "लहान मुलांचं", "काहीतरी चावलं, भाजलं, पडलं", "लस", "कुठे जायचं".

आता नवं पान असं आहे. शीर्षक: "कुत्रा चावला किंवा त्याचं नख लागलं तर". लगेच खाली: आत्ता काय करायचं. मग: दवाखान्यात कधी जायचं. मग: तिथे काय उपचार होतील. विषाणूचं कूळ तळाला, ज्याला हवं त्याच्यासाठी. तळाशी शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी आहे, दोन्ही तारखा. हीसुद्धा एनएचएसची पद्धत, तिथून सरळ उचलली.

जुन्या पानांची छाटणी करणं सगळ्यात जिकिरीचं ठरलं, त्यावर सवडीने लिहीन. सध्या दोन गोष्टींवर अडले आहे: पीडीएफचा डोंगर, आणि जुन्या पत्त्यांचं काय करायचं. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.


रात्रपाळी

धागा वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी आरोग्य मदतवाहिनीवर फोन घेते. तुमच्या त्या बाईंसारखे लोक पान सोडून फोन करतात ना, त्यांचा फोन मला येतो.

तुमच्या लक्षात आलं नसेल कदाचित, पण संकेतस्थळाचा सगळ्यात जास्त वापर आम्ही करतो. पलीकडे माणूस घाबरलेला असतो, मूल रडत असतं, आणि मी एका हाताने पान शोधत असते. सापडलं की मी ते मोठ्याने वाचून दाखवते. "ओल्या जखमांचे निर्जंतुकीकरण करण्यात यावे" हे वाक्य फोनवर वाचून बघा. पलीकडून प्रश्न येतो, "म्हणजे काय करू?" मग मी माझ्या शब्दांत सांगते, आणि प्रत्येक पाळीतली बाई तिच्या तिच्या शब्दांत सांगते. "नळ सोडा, जखमेला साबण लावा, १५ मिनिटं धूत राहा" असं लिहिलं तर मला त्यात बदल करावा लागत नाही. लिहून झालं की पान एकदा फोनवर कुणाला तरी वाचून दाखवा. अडखळलात तिथे वाक्य बदला.

आणि फोन नंबर चित्रात टाकू नका. त्यावर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे. लोक नंबर कागदावर लिहून घेतात, एक आकडा चुकतो आणि तो फोन कुठेतरी भलतीकडेच जातो.


स्टेथो

चांगला विषय. पण एका डॉक्टरच्या नजरेतून थोडं विरोधी लिहितो, राग नसावा.

सोप्या भाषेला माझा विरोध नाही. सोपं करताना भेद पुसले जातात, त्याला आहे. प्राण्याच्या चाव्याचे तीन वर्ग असतात. नुसतं चाटलं आणि कातडी अखंड असेल तर तो पहिला वर्ग, लसीची गरज नाही. रक्त न येता बारीक ओरखडा, तो दुसरा. जखम धुणं आणि लस. रक्त आलं, किंवा फाटलेल्या कातडीला लाळ लागली, तो तिसरा. त्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. तुम्ही सरसकट "कुत्रा चावला तर दवाखान्यात जा" लिहिलंत, तर ओरखडेवाला म्हणणार की मला चावलेला नाही, आणि घरी बसणार. हे मी पाहिलेलं आहे. वर्ग काढून टाकू नका.


निळी_शाई

स्टेथो, राग कसला, हाच मुद्दा आमच्याकडे दोन आठवडे चालला होता. जुन्या पानावर तुम्ही म्हणता तो तक्ता होता: वर्ग १, वर्ग २, वर्ग ३, आणि पुढे वर्णन. लोकांना वाचायला दिला आणि विचारलं की आता तुमच्या शब्दांत सांगा, तुमच्या मुलाला काय लागू होतं. बरेच जण "वर्ग" या शब्दावरच अडले. एकाला वाटलं की वर्ग १ म्हणजे सगळ्यात गंभीर, पहिला नंबर म्हणून. अगदी उलटा अर्थ! तेव्हा अंगावर काटा आला.

आम्ही भेद ठेवले, वर्गाचं नाव काढलं. आता तिथे प्रश्न आहे: "कातडीला काय झालंय?" आणि खाली तीन उत्तरं. कातडी अखंड आहे, फक्त चाटलं. ओरखडा आहे, रक्त नाही. रक्त आलंय किंवा कातडी फाटली आहे. प्रत्येकाखाली पुढची पायरी. नखाचा उल्लेख शीर्षकात आला तो तुम्ही म्हणता त्याच कारणाने. वर्गांची नावं डॉक्टरांसाठीच्या पानावर आहेत, तिथे ती असलीच पाहिजेत.


स्टेथो

हे पटलं. भेद माणसाला दिसणाऱ्या गोष्टीवर बांधलात, ते बरोबर केलंत. "तुमच्या शब्दांत सांगा" हे आम्ही रोग्याला औषध समजावल्यावर विचारतो. "कळलं का?" विचारलं की सगळेच हो म्हणतात. पानाच्या बाबतीतही ते चालेल हे सुचलं नव्हतं.

एक विनंती. चेहऱ्यावर किंवा मानेवर चावा असेल तर तातडी वाढते, ते मात्र वेगळं आणि वर हवं.


ऐकून_वाचणारा

मला दिसत नाही. फोन आणि संगणक दोन्ही स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या साधनाने वापरतो. आरोग्याची माहिती मला इतरांइतकीच लागते, आणि दर वेळी ती कुणाकडून तरी वाचून घेणं मला नको असतं. आजार ही खासगी बाब आहे.

एक प्रसंग सांगतो. घरात लहान मुलाला जुलाब होत होते. क्षारसंजीवनी घरी कशी करायची ते मला हवं होतं. पान सापडलं, शीर्षक ऐकू आलं, पुढे ऐकू आलं: "प्रतिमा, बॅनर तीन, अंतिम, नवीन". संपलं. कृती त्या चित्रात होती. १ लीटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. एवढ्या तीन गोष्टी. त्या मजकुरात लिहिल्या असत्या तर मला दहा सेकंदांत कळल्या असत्या. मिठाचं प्रमाण चुकलं तर बाळाला अपाय होतो, त्यामुळे अंदाजाने करण्याची सोयच नव्हती. शेजाऱ्यांना उठवलं.

भित्तिपत्रकं भिंतीसाठी ठीक आहेत. तेच चित्र पानावर चिकटवलं की ते मला ऐकू येत नाही, कमी दिसणाऱ्याला मोठं करता येत नाही, शोधात सापडत नाही आणि कुणाला दुसऱ्या भाषेत नेता येत नाही.

वेबच्या सुलभतेचे निकष आहेत, डब्ल्यूसीएजी. ५ ऑक्टोबर २०२३ ला त्यांची २.२ ही आवृत्ती आली. त्यातलं आरोग्याच्या पानांसाठी मला जे नडतं तेवढंच सांगतो. रंगावर अर्थ टांगू नका. "लाल चौकटीतली लक्षणं दिसली तर ताबडतोब या" हे मला निरुपयोगी आहे आणि ज्यांना लाल-हिरवा भेद कळत नाही त्यांनाही. निळी_शाई, तुम्ही एनएचएसचं उदाहरण दिलंत. तिथे तातडीच्या चौकटींना रंग आहेतच, शिवाय स्क्रीन रीडरला "तातडीचा सल्ला" असे शब्दही ऐकू येतात. मला ते फार आवडतं. दुसरं, पानाची भाषा कोडमध्ये नोंदवा. नोंदवली नाही तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जातो किंवा वाचलाच जात नाही. तिसरं, शीर्षकं खरी शीर्षकं असू द्या, नुसती ठळक अक्षरं नकोत. मी एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारत वाचतो. ती नसली की मला विषाणूचं कूळही पूर्ण ऐकावं लागतं.

आणि पानाच्या कोपऱ्यात अक्षर मोठं करायचं, रंग उलटे करायचं जे बटण बसवतात, त्याने माझं काम होत नाही. माझ्याकडे माझी साधनं आहेत. पान नीट बांधलेलं असलं की ती चालतात.


निळी_शाई

ऐकून_वाचणारा, तुमचा प्रतिसाद मी उद्या समितीत जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे, चालेल ना? आमच्याकडेही क्षारसंजीवनीचं भित्तिपत्रकच आहे. आजच बघितलं. चित्राच्या वर्णनाची जागा रिकामी आहे.


ऐकून_वाचणारा

जरूर वाचा. आणि पुढच्या चाचणीला आमच्यातल्या कुणाला बोलवा. निकष पाळूनही पान वापरायला अवघड असू शकतं.


दुवा

जुन्या पत्त्यांबद्दल विचारलंत, ते माझं रोजचं काम आहे म्हणून सांगतो.

जुना पत्ता कधीही मरू देऊ नका. तुमच्या पानांचे पत्ते दवाखान्यांच्या पत्रकांवर छापलेले असतात, औषधांच्या चिठ्ठ्यांवर असतात, दुसऱ्या संकेतस्थळांवर असतात, लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या निरोपांत असतात. नवं संकेतस्थळ चढवलं आणि ते सगळे पत्ते "पान सापडले नाही" वर आपटले, तर वर्षानुवर्षं मिळवलेला भरवसा एका दुपारी जातो. १७ ऑक्टोबर २०१२ ला ब्रिटनने डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक ही दोन मोठी सरकारी संकेतस्थळं बंद करून गव्ह डॉट यूके सुरू केलं. जुन्या पत्त्यांची यादी करून प्रत्येक पत्ता नव्या जागी वळवणं हा तिथे कामाचा वेगळा, मोठा भाग होता. तुम्हीही तसंच करा. नोंदींतून जुने पत्ते काढा, एक तक्ता करा: जुना पत्ता, नवा पत्ता. कायमचं वळण म्हणजे ३०१ वापरा. आणि सगळे जुने पत्ते पहिल्या पानाकडे वळवण्याचा आळस करू नका, तो माणसाला रस्त्यात सोडून देण्यासारखा आहे.

आता तुम्ही न विचारलेलं. साथ येते तेव्हा तुमच्या संकेतस्थळावर एका रात्रीत इतकी गर्दी येईल की नेहमीची व्यवस्था मोडेल, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असेल. सल्ल्याची पानं दर वेळी डेटाबेसमधून घडवू नका, तयार साध्या एचटीएमएलमध्ये ठेवा आणि सीडीएनवरून, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या सेवेवरून वाटा. पान हलकं ठेवा. गूगलच्या मोजमापात मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला तर चांगलं धरतात, पण ते चांगल्या फोनवर आणि चांगल्या जोडणीवर बघून खूश होऊ नका. जुना फोन घ्या, नेटवर्क मुद्दाम हळू करा आणि बघा.

नोंदणीची भिंत पुढे आणू नका. अमेरिकेचं हेल्थकेअर डॉट गव्ह १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं आणि पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करता आलेले लोक होते ६. कारणं पुष्कळ होती, संपूर्ण प्रवासाची एकत्र चाचणी पुरेशी न होणं हे एक मोठं. पण त्यातलं एक कारण असं, की योजना नुसत्या बघायलाही आधी खातं उघडावं लागत होतं. त्यामुळे सगळी गर्दी त्या एकाच दारात अडकली.


दोन_ओळी

पीडीएफबद्दल: यादी करा, वर्षभरात कुणी उघडली ते बघा. न उघडलेल्या संग्रहात, वारंवार उघडल्या जाणाऱ्या आधी पानांत उतरवा. छापायच्या अर्जांच्या तेवढ्या राहू द्या.


आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो. पानांवर धोक्याचे आकडे कसे द्यायचे हा विषय कुणी काढला नाही, म्हणून मी काढतो.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. खोटं नव्हतं. पण दुप्पट म्हणजे किती? आधीच्या गोळ्यांवर ७,००० बायकांमागे सुमारे १, नव्यांवर ७,००० मागे सुमारे २. "दुप्पट" ऐकून पुष्कळ बायकांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३,००० नी वाढले. आणि गरोदरपणात, बाळंतपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या धोक्यापासून वाचवायला इशारा दिला, त्याहून मोठ्या धोक्यात बायका गेल्या. एका शब्दामुळे.

म्हणून लसीच्या दुष्परिणामांच्या पानावर, तपासण्यांच्या पानावर, "इतके टक्के वाढ" लिहू नका. "७,००० जणींपैकी १ ऐवजी २" असं लिहा. दोन गोष्टींची तुलना करायची असेल तर खालची संख्या दोन्हीकडे तीच ठेवा. ५०० मध्ये १ आणि १,२०० मध्ये १ यातलं जास्त कोणतं हे घाईत भल्याभल्यांना उलटं वाटतं. फायदा टक्क्यांत आणि तोटा माणसांत, असंही करू नका.

तुम्ही सहा जणांची चाचणी केलीत त्यावर समितीत "एवढ्याशा लोकांवरून काय ठरणार" असं कुणी म्हटलं असेल. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं की ५ जणांच्या चाचणीतही वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. मात्र त्यांनीच असंही सांगितलं की वापरणारे गट खूप वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसं घ्यावीत. अडचण शोधायला थोडी माणसं पुरतात. "इतके टक्के लोकांना जमलं" असा दावा करायला पुरत नाहीत. दोन्हीत गल्लत नको.


निळी_शाई

अगदी हेच वाक्य समितीत आलं होतं: "सहा जण म्हणजे काय?" मी तेव्हा वाद घातला नाही. दुसऱ्या चाचणीला त्या सदस्यांनाच खोलीत बसवलं आणि बोलायचं नाही एवढीच अट घातली. एका आजोबांना लसीचं वेळापत्रक सापडत नव्हतं. समोर पडद्यावर होतं, पण ते जाहिरात समजून त्यावरून पुढे जात होते. वीस मिनिटांनी आजोबा म्हणाले, "माझंच चुकतंय, मला हे येत नाही." सदस्य बाहेर येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. पहिल्या पानाचं सरकतं चित्र पुढच्या बैठकीत त्यांनीच काढायला लावलं.

"माझंच चुकतंय" हे वाक्य मी जवळपास प्रत्येक चाचणीत ऐकलं आहे. आणि दर वेळी चूक आमची होती.

दुवा, तक्ता करायला घेतला. धन्यवाद.


बोलीभाषा

भाषांतराचं काम करते. बहुभाषिक संकेतस्थळांची एक जुनी खोड: मूळ मजकूर एका भाषेत पक्का होतो, मग शेवटच्या आठवड्यात बाकीच्या भाषांत "उतरवतात". आम्हाला सुटी वाक्यं तक्त्यात मिळतात, पान दिसतच नाही. एकदा नुसता "रजा" असा शब्द आला होता. डिस्चार्ज का सुट्टी, कळायला मार्ग नाही.

भाषांतरकाराला चाचणीच्या खोलीत बसवा. वर "अलर्क" आणि "कुत्रा चावला" असं जे झालं, ते प्रत्येक भाषेत वेगळ्या ठिकाणी होणार. एका भाषेतल्या शोधाच्या यादीवरून दुसऱ्या भाषेतला लोकांचा शब्द कळत नाही. तिथली यादी वेगळी वाचावी लागते.

भाषा निवडण्याच्या जागी त्या त्या भाषेचं नाव त्याच लिपीत लिहा. झेंडे नकोत, झेंडा देशाचा असतो. आणि भाषा बदलली की माणूस त्याच पानावर राहिला पाहिजे. कितीतरी ठिकाणी भाषा बदलली की पहिल्या पानावर नेऊन टाकतात, मग पुन्हा पहिल्यापासून शोध.

देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते. वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. रोमन अक्षरांसाठी ठरवलेलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. म्हाताऱ्या डोळ्यांना ते वाचवत नाही. बटणंही थोडी रुंद ठेवा, आमची क्रियापदं लांब असतात.


दुवा

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. आरोग्याच्या पानांवर जाहिरात कंपन्यांचे मागोवा घेणारे तुकडे ठेवू नका. जून २०२२ मध्ये द मार्कअप या वृत्तसंस्थेने तपासलं तेव्हा अमेरिकेतल्या १०० नामांकित रुग्णालयांपैकी ३३ रुग्णालयांच्या संकेतस्थळांवर मेटा पिक्सेल, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचा असाच एक तुकडा, आढळला होता. डॉक्टरांची वेळ घ्यायला कुणी बटण दाबलं की ती माहिती फेसबुककडे जात होती. कुणी मुद्दाम केलं असेलच असं नाही. भेटी मोजायला कुणीतरी एक तुकडा चिकटवतं आणि तो काय काय पाठवतो हे कुणी बघत नाही. "लैंगिक आजाराची चाचणी कुठे होते" हे पान कुणी उघडलं, ते तुमच्या नोंदीतसुद्धा माणसागणिक असायची गरज नाही. भेटी मोजायच्या तर स्वतःच्या सर्व्हरवर, ओळख पुसून मोजा.

शोधपेटीची यादी वाचतानाही काळजी घ्या. लोक तिच्यात स्वतःचं नाव आणि नंबरसुद्धा टाकतात.


निळी_शाई

टाकतात, पाहिलं आहे. ती यादी आता वाचण्याआधी गाळून घेतो आणि ठरावीक मुदतीने पुसतो. मागोव्याचे तुकडे शोधले तर तीन सापडले. त्यातला एक कुणी लावला हे आजच्या घडीला कुणालाच सांगता आलं नाही. काढला.

छाटणीबद्दल लिहीन म्हटलं होतं. प्रत्येक पानाला एक मालक हवा, हे आम्ही ठरवलं, आणि मालक शोधायला निघालो. पुष्कळ पानांना कुणी मालकच नव्हता. लिहिणारे कधीच निघून गेलेले, विभागाचं नाव बदललेलं, पान मात्र शोधयंत्रात पहिल्या क्रमांकावर. एका पानावरचा औषधाचा सल्ला आता चालत नाही असं तज्ज्ञांनी सांगितलं. ते पान त्या दिवशीपर्यंत लोक वाचत होते. नव्या रंगांपेक्षा, नव्या मेनूपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. देखणं संकेतस्थळ करून आत जुना सल्ला ठेवला तर लोक त्यावर अधिकच विश्वास ठेवतील. आता नियम असा: मालक नाही तर पान नाही. तपासणीची तारीख उलटली की मालकाला निरोप जातो, मग त्याच्या वरिष्ठांना.


रात्रपाळी

छाटणीत एक बघा. आम्ही फोनवर वापरतो ती काही पानं नोंदींत कमी भेटींची दिसतील, कारण ती आम्ही थोड्या जणीच उघडतो. सापाच्या विषाचं पान वर्षातून मोजक्या वेळा लागतं. ते कमी बघितलं जातं म्हणून काढू नका.


निळी_शाई

हे फार बरं झालं सांगितलंत. छाटणीच्या यादीत अशी दोन पानं आधीच गेली होती, परत आणते. तुमच्या मदतवाहिनीसारखं काम करणाऱ्या लोकांना आम्ही विचारलंच नव्हतं.

ताजी बातमी. काल कुत्र्याच्या पानाची पुन्हा चाचणी घेतली, नवे पाच जण, त्यात एक स्क्रीन रीडर वापरणाऱ्या बाई. सगळ्यांना जखम धुण्याचं वाक्य पहिल्या पडद्यावरच दिसलं किंवा ऐकू आलं. मला हायसं वाटलं. मग एका तरुणाने विचारलं, "धुतली. आता वर काही लावायचं का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. पानावर नव्हतं. स्टेथो, आमच्या तज्ज्ञांशी बोलून हे दोन वाक्यांत लिहिलं आहे, तुम्हीही बघा: "पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. झोंबणारं किंवा घरगुती काहीही जखमेवर लावू नका."


स्टेथो

बरोबर आहे. त्याला जोडून लिहा की जखम मोठी दिसली तरी टाके घालण्याची घाई करू नये, ते डॉक्टर ठरवतील. आणि दवाखान्यात जाणं दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, हे त्याच चौकटीत हवं.


रात्रपाळी

दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून बघितली. पहिलं नीट जातं. दुसऱ्यात "घरगुती काहीही" म्हटल्यावर पलीकडचा विचारणार, "हळद चालेल ना?" सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या दोनतीन वस्तू नावानिशी लिहा. कोणत्या, ते मी आजच्या पाळीतल्या सगळ्यांना विचारून उद्या कळवते.